दहा वजा, बारा अधिक

३ मार्च, सोमवार

आज दुकान उघडलं. म्हणजे दुकान बाबांच्या वेळेपासून आहेच, पण आज शटर मी वर केलं. ते अर्ध्यावर अडकलं. शेजारचे बूटवाले धावत आले, खालून एक दणका दिला आणि म्हणाले, "ताई, याला असाच दणका लागतो." मला वाटलं, मलाही.

धाकट्या भावाने दुकान सोडून जाताना कॉम्प्युटर नेला, बिलाचं मशीन नेलं, खुर्चीसुद्धा नेली. मागे ठेवलं काय, तर खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कड्या, कुलपं आणि एक मुदत. मार्चअखेर दुकान स्वतःच्या पायावर उभं दिसलं तर ठीक, नाहीतर विकायचं. एक गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. कोण ते सांगत नाही, दलालामार्फत बोलणं चाललंय. मी वाचनालयातली नोकरी सोडल्याचं कळवलं तेव्हा त्याने फोनवर आधी पगार किती होता ते विचारलं. मग म्हणाला, "ताई, तुला टक्केवारी तरी येते का गं?" मी फोन ठेवला.

येते. न यायला काय झालं? बाहेर पाटी लावली आहे, महिनाभर सर्व मालावर दहा टक्के सूट. त्यावर विक्रीकर बारा टक्के. दहा वजा, बारा अधिक. म्हणजे मूळ किमतीवर शेकडा दोन चढवायचे की झालं. दोनशेचा माल, बिल दोनशे चार. एवढ्यासाठी धाकट्याला मशीन लागायचं! घरी मावशीला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, हुशार आहेस, आता जेवून घे.

५ मार्च, बुधवार

एक विचित्र माणूस आला होता. पन्नाशीच्या आसपासचा, करडा शर्ट, खिशाला पेन. दोन बिजागऱ्या घेतल्या. बाकीचे लोक बिल चुरगाळून खिशात कोंबतात किंवा काउंटरवरच टाकून जातात. याने ते तिथेच उभं राहून वाचलं. नुसतं वाचलं असतं तर ठीक होतं. पेन काढून बिलाच्या मागच्या बाजूला ओठ हलवत काहीतरी मांडलं, मग बिल उलटं-सुलटं करून पाहिलं, मान डोलवली, नीट घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली.

मी विचारलं, काही चुकलंय का?

"छे छे. तुमचं बरोबरच असणार."

हे 'असणार' मला आवडलं नाही. बरोबर आहे म्हणा, नाहीतर चूक आहे म्हणा.

८ मार्च, शनिवार

तो परत आला. या वेळी एक कडी. बुधवारी बिजागऱ्या नेल्या तेव्हाच कडी नेली असती तर पाय झिजले असते का? परत तेच. पेन, ओठ, घडी, खिसा.

शिवाय त्याची नजर फार फिरते. मी त्याच्यासाठी स्क्रू शोधत होते, तर एकावर एक रचलेल्या डब्यांची उतरंड कोसळली आणि सगळ्या मापांचे स्क्रू एक झाले. तो वाकून गोळा करायला लागला. गोळा करता करता काउंटरखालच्या रिकाम्या जागेकडे बघत बसला. बराच वेळ. मीही वाकून बघितलं. तिथे काय आहे? काही नाही. पण कुणी असं बघितलं की आपल्यालाच वाटतं, काहीतरी असेल.

दुपारी बूटवाले चहा घेऊन आले. त्यांना सहज सांगितलं, तर त्यांचा आवाज एकदम खाली गेला. म्हणाले, हल्ली कर खात्याचे लोक असेच येतात. साधे कपडे, किरकोळ खरेदी, बिल मागून घ्यायचं आणि जमवत जायचं. एक दिवस सगळी बिलं पुढ्यात टाकतात आणि दुकानाला सील ठोकतात. त्यांच्या ओळखीतल्या एकाचं असंच झालं म्हणे. "तुमच्यासारख्या एकट्या बाईने हे सगळं अंगावर घ्यायचं म्हणजे, ताई..." त्यांनी आमच्या दोन दुकानांच्या मधल्या भिंतीवर बोटांनी टकटक केली. भिंत पातळ आहे, काही लागलं तर नुसती हाक मारा, म्हणाले. जाताना टेप काढून आमच्या बाजूने ती भिंत मोजलीही. त्यांना त्यांच्या बाजूला फळ्या मारायच्या आहेत. किती काळजी करणारा माणूस. असा शेजार मिळायला नशीब लागतं.

११ मार्च, मंगळवार

तपासनीस आला नाही. (बूटवाल्यांशी बोलल्यापासून हाच शब्द तोंडात बसलाय.) बरं झालं, आला नाही ते. पण मनाची तयारी करून बसावं आणि माणसाने येऊच नये, याचाही त्रास होतो. दाराशी सावली पडली की मी बिलबुक सरळ करते. दुपारनंतर तर एका ब्रश घ्यायला आलेल्या आजोबांना मी उगाचच "काही चुकलंय का" असं विचारलं.

१३ मार्च, गुरुवार

आला. गुंड्या घेतल्या, खणांना लावायच्या, पितळी. बिल केलं. त्याने समासात मी लिहिलेलं '–१०, +१२' बोटाने दाखवलं आणि विचारलं, "दहा वजा, बारा अधिक, म्हणजे दोनच वर. असंच ना?"

मी म्हटलं, असंच.

"नेहमी असंच?"

"नेहमी."

"सूट वेगळी असली तरी?"

हा उलटतपास नाही तर काय? मी ठासून सांगितलं की सूट कितीही असो, कर कितीही असो, एकातून एक वजा करायचं आणि उरेल ते लावायचं. त्याचा चेहरा असा खुलला की जणू मी त्याला बक्षीस दिलं. सापडलं असेल त्याला जे हवं होतं ते.

आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. गिऱ्हाईक म्हणून येणारं प्रत्येक माणूस, पोरसवदा असो की म्हातारं, मला ताई म्हणतं. हा एकदाही म्हणाला नाही. 'अहो' म्हणतो, नाहीतर नुसताच घसा खाकरतो. सरकारी माणूस. नातं जोडलं तर उद्या सील कसं ठोकणार?

मावशीला हे सांगितलं तर ती विणकाम थांबवून माझ्याकडे बघत राहिली. "ताई म्हणत नाही काय," म्हणाली, आणि परत सुया हलवायला लागली. तिला दुकानदारीतलं काही कळत नाही.

१७ मार्च, सोमवार

चूक आहे. माझं चूक आहे.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्याचं ते 'नेहमी असंच?' डोक्यात भुंग्यासारखं घोंगावत होतं. म्हटलं, एकदा लांबलचक मांडून बघू, शाळेत मांडायचो तसं. पाचशेचा माल घेतला. दहा टक्के सूट म्हणजे पन्नास गेले, उरले साडेचारशे. आता गिऱ्हाईक मला देणार साडेचारशे, तर कर त्या साडेचारशेवर. शंभराला बारा, म्हणजे चोपन्न. एकूण पाचशे चार.

मी किती लावते? पाचशे दहा.

परत केलं. परत पाचशे चारच. मग कागदाकडे बघत बसले, आणि हळूहळू उजाडलं. दहा टक्के पाचशेचे आहेत, बारा टक्के साडेचारशेचे. टक्के दिसायला सारखे, पण कशाचे टक्के ते मी पाहिलंच नाही. एकातून दुसरा वजा करून मोकळी झाले. ते सहा कुठून आले? पन्नासाचे बारा टक्के. म्हणजे जे पैसे मी लोकांना सोडून दिले, त्यांच्यावरही मी लोकांकडून कर घेतला. उघडल्यापासून. प्रत्येक बिलावर. आणि वर कार्बन घालून त्याची प्रत ठेवली.

त्याला पहिल्याच दिवशी दिसलं असणार. म्हणून तो येतोय.

बूटवाल्यांना सांगावंसं वाटलं, पण जीभ उचलली नाही. आजपासून बिलं बरोबर करते आहे. जी गेली ती गेली. असं म्हटलं तरी जुन्या प्रती परत परत चाळते आहे.

१९ मार्च, बुधवार

आज ठेवणीतले कपडे घालून गेले. केसही जरा नीट बांधले. काय आहे, सील ठोकायला आले तर चार लोक जमतात, तेव्हा बाई नीटनेटकी दिसलेली बरी. आला नाही. संध्याकाळी उगाच मावशीवर चिडले.

२० मार्च, गुरुवार

मी आज जे केलं ते बाबांनी कधी केलं नसतं. लिहायला हात धजत नाही, पण इथे नाही लिहिणार तर कुठे.

तो सकाळीच आला. सँडपेपर घेतला, दोन ताव. मी बिल बरोबर केलं, पण आकडा वेडावाकडा आला. त्याने खिशातून पेन काढलं, आणि ते पेन बघितल्याबरोबर माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. काचेच्या कपाटातलं ते मोठं पितळी कुलूप काढलं, दुकानातलं सगळ्यांत चांगलं, जे धाकट्यानेही कधी कुणाला घासाघीस करून दिलं नाही. कागदात गुंडाळलं आणि त्याच्या पिशवीत ठेवलं.

तो म्हणाला, हे मी मागितलं नव्हतं.

मी म्हटलं, "आमच्याकडून ठेवा. जरा लक्ष असू द्या."

तो इतका गोंधळला की बिल वाचायचंच विसरला. कान लाल झाले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात, परत पहिल्या हातात. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "लक्ष तर आहेच."

आणि गेला.

२१ मार्च, शुक्रवार

घेतलं त्याने. नको नको सुद्धा म्हणाला नाही.

खरं तर मी सुटले. बूटवाले म्हणतात तसे हे लोक असतील तर आता तो येणार नाही, दुकान वाचलं. मग मला आनंद का होत नाही? सकाळपासून डबे आपटतेय. लाच मी दिली आणि राग त्याच्यावर आलाय. त्या माणसाचे डोळे तसे नव्हते. स्क्रू गोळा करताना त्याने प्रत्येक स्क्रू फुंकर मारून ठेवला होता. असा माणूस घेतो कसा? तोंडावर फेकलं असतं तर बरं झालं असतं. मग मी घाबरले असते, पण असं रिकामं रिकामं वाटलं नसतं.

मावशी म्हणाली, डोळे का सुजलेत. म्हटलं, रंगाच्या डब्याचा वास.

२४ मार्च, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझं मलाच पटायचं नाही.

सकाळी मावशी माझं जेवण घेऊन दुकानात आली होती. तेवढ्यात तो आला, सायकल हातात धरून चालत. कॅरिअरवर दोरीने बांधलेलं लाकडाचं कपाट होतं. बुटकं, रुंद, लहान लहान खणांचं. प्रत्येक खणाला पितळी गुंडी, माझ्याकडच्याच. त्याने ते उचलून आत आणलं, काउंटरखालच्या रिकाम्या जागेत सरकवलं. ना बोटभर जास्त, ना बोटभर कमी.

मी विचारलं, हे काय?

"तुमचे डबे सारखे पडतात," तो म्हणाला. "एका खणात एक माप ठेवा."

आता माझं डोकं बघा कसं चालतं. मला वाटलं, जप्तीचा माल. कुठल्या तरी बिचाऱ्या फर्निचरवाल्याकडून उचललाय आणि मला देऊन माझं तोंड बंद करतोय. मी कोपऱ्यात जाऊन मावशीच्या कानात हे सांगितलं, तर ती हसायला लागली. थांबेचना. शेवटी पोत्यावर बसली. मग डोळे पुसत तिने त्यालाच विचारलं, "कोण हो तुम्ही? काम काय करता?"

"सुतार आहे मी."

मी तेव्हा पहिल्यांदा त्याच्या हातांकडे बघितलं. नखांत वाळलेला सरस, अंगठ्याला जुना काप, तळव्यांना घट्टे. इतके दिवस मी फक्त पेन बघत होते.

मग त्याने सांगितलं ते असं. फर्निचरच्या कारखान्यात आयुष्य गेलं, कारखाना बंद झाला, आता स्वतःची कामं घेतो. लाकूड हातात बोलतं, पण बिल करायची वेळ आली की हात थिजतात. शाळेत टक्केवारीच्या तासाला तो पळून जायचा. सगळ्या दुकानांत मशीनची बिलं, त्यात नुसता शेवटचा आकडा, तो आला कसा ते दिसत नाही. माझं बिल हाताचं, समासात हिशेब. म्हणून एक एक वस्तू न्यायची, बिलामागे आपण स्वतः करून बघायचं, जुळलं की घरी जाऊन वहीत उतरवायचं. "तुमच्यासारखं मोकळं कुणी मांडत नाही," म्हणाला. मी भिंतीला टेकले.

म्हणजे माझी चूक पकडायला कुणी येतच नव्हतं. माझ्याकडून शिकायला एक माणूस येत होता.

पुढचं विचारायची भीती वाटली, पण विचारलं. हे तुम्ही कुठे वापरलंत का?

वापरलं होतं. एका दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात कपाटं आणि काउंटर केला. स्वतःचं पहिलं मोठं काम. चाळीस हजारांचं. पहिलंच म्हणून वीस टक्के सूट दिली, बारा टक्के कर. वीस वजा, बारा अधिक, म्हणजे आठ कमी. छत्तीस हजार आठशे. शनिवारी बिल देऊन आला. हे सांगताना त्याने छाती जरा पुढे काढली.

मी कागद घेतला. चाळीस हजारांतून वीस टक्के गेले, आठ हजार. उरले बत्तीस. बत्तीस हजारांचे बारा टक्के, तीन हजार आठशे चाळीस. एकूण पस्तीस हजार आठशे चाळीस. कागद त्याच्याकडे फिरवला. त्याने माझं वाचलं नाही. शेजारी स्वतःचं मांडलं, हळूहळू, ओठ हलवत. तोच आकडा आला. मग दोन्ही एकमेकांतून वजा केले.

"नऊशे साठ," तो म्हणाला. "मी फसवलं त्यांना."

"तुम्ही नाही. मी शिकवलं तसं तुम्ही केलंत. सोडून दिलेल्या पैशांवर कर नसतो. मला ते ठाऊक नव्हतं."

"कधी कळलं तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. मावशी बसली होती, कपाट होतं, माझी जीभ वळली नाही. म्हटलं, गेल्या सोमवारी.

त्याने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "गुरुवारी मी आलो होतो. तेव्हा सांगितलं नाहीत. कुलूप दिलंत."

मी समोरचा कागद सरळ केला.

"ते कुलूप कशासाठी होतं?"

"मला वाटलं, तुम्ही कर खात्यातले आहात."

तो रागावला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. त्याने पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं, सायकल फिरवली. दारात थांबला, मला वाटलं काही म्हणेल. तसाच निघून गेला.

मावशी आता हसत नव्हती.

२५ मार्च, मंगळवार

नाही आला. का येईल?

२७ मार्च, गुरुवार

रात्री कूस बदलून बदलून कंटाळले होते. सकाळी दुकान न उघडता तडक कर खात्याच्या कचेरीत गेले. बिलबुक पिशवीत. म्हटलं, आपणच जाऊन सांगू, जे काय व्हायचं ते होऊ दे. खिडकीत एक कारकून बाई होत्या. मी अथपासून इतिपर्यंत सांगितलं, सूट, कर, पन्नासावरचे सहा, सगळं. त्यांनी बिलबुक उघडलंही नाही. म्हणाल्या, ज्यांच्याकडून जास्त घेतलंत त्यांना परत करा, परत केल्याची नोंद ठेवा, महिन्याच्या विवरणात दुरुस्त आकडा भरा. पुढे कोण आहे?

मी म्हटलं, तुमचे लोक साध्या वेशात दुकानांत येतात का? त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी निघालेच.

येऊन दहा टक्क्यांची पाटी उतरवली आणि दुसरी लावली. १७ मार्चपर्यंत इथून ज्यांनी खरेदी केली त्यांच्या बिलात कर जास्त लागला आहे, येऊन फरक घेऊन जावा. बूटवाले बाहेर येऊन वाचत उभे राहिले. "ताई, हे काय करून बसलात? स्वतःच्या हाताने?" मी म्हटलं, कचेरीत जाऊन आले, सील वगैरे काही नसतं. ते म्हणाले, असं का, चांगलं झालं. पण चांगलं झाल्यासारखं त्यांचं तोंड नव्हतं. बिचारे माझ्यासाठी फार घाबरले असतील.

३१ मार्च, सोमवार

फरक न्यायला थोडे लोक आले. काहींनी हसून काउंटरवरच सोडला. एक जण बिल न आणताच आला आणि वर भांडला. ब्रशवाले आजोबा मात्र सुट्टे घेऊन बसले, चहा प्यायले आणि अर्ध्या घराचा रंग घेऊन गेले. विजेचं बिल, मालाचे पैसे भागून हातात थोडं उरलंय. फार नाही. बुडाले नाही एवढं खरं.

धाकट्याचा फोन आला. मी आकडे सांगितले, त्याने उलटसुलट विचारून घेतले. सगळे बरोबर निघाले तेव्हा तो जरा नरमला. म्हणाला, तरी विचार कर, बूटवाले चांगली किंमत देतायत, मधली भिंत पाडून त्यांना एकच मोठं दुकान करायचंय.

मी विचारलं, कोण?

त्याला वाटत होतं मला माहीत आहे.

फोन ठेवून मी त्या भिंतीकडे बघत बसले. टकटक. टेप. साधे कपडे, बिलं, सील. एवढी पुस्तकं वाचनालयात हाताखालून गेली, आणि माणूस वाचायची वेळ आली तर एकाला चोर समजले आणि दुसऱ्याला देवमाणूस. धाकट्याला परत फोन लावून सांगितलं, विकायचं नाही, सही मिळणार नाही. तो बरं म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की भांडणाची तयारी माझ्या अंगात तशीच राहिली. सगळं दुकान झाडून काढलं. मग परत झाडलं.

मनासारखं झालंय. तरी मी दाराकडेच बघते आहे.

१ एप्रिल, मंगळवार

तो आला. कागदात गुंडाळलेलं कुलूप काउंटरवर ठेवलं.

"याचं बिल करा," म्हणाला.

मी म्हटलं, परत करायचं असेल तर नुसतं ठेवून जा. तो म्हणाला, परत नाही, मला विकत हवंय, दाराला लावून पाहिलंय, चांगलं आहे. मी दीड हजार लिहिले, खाली सूट लिहायला घेतली, तर त्याने बोट ठेवलं. दहा टक्क्यांची पाटी उतरवलीत, महिनाही संपला, म्हणाला. मग काय, दीड हजार आणि बारा टक्के, एकशे ऐंशी. सोळाशे ऐंशी. त्याने बिलामागे करून पाहिलं, पैसे मोजून दिले, घडी घातली.

मी म्हटलं, त्या कपाटाचंही बिल द्या मग. तुम्ही दिलंत ते वेगळ्या समजुतीने दिलंत.

"त्याचं बिल होत नाही," तो म्हणाला. "माझी समजूत बदललेली नाही."

मी खण उघडून बंद केला. दुसरा उघडला. स्क्रूच होते.

मग त्याने जायच्या आधी सांगितलं की डॉक्टरीणबाईंनी पैसे अजून दिलेले नाहीत, दुरुस्त बिल शनिवारी द्यायचंय. त्यांनी काही विचारलं तर त्याला समजावता येणार नाही. मी येईन का?

त्याला उत्तम समजावता येतं. मागच्या आठवड्यात माझ्यासमोर पहिल्याच खेपेला बरोबर आलं होतं. तरी मी येते म्हटलं. हिशेबाचा मामला आहे, एकट्याला कसं सोडायचं?

५ एप्रिल, शनिवार

दवाखान्यात जाऊन आलो. मी रस्ताभर बोलायची वाक्यं जुळवत होते. डॉक्टरीणबाईंनी बिल घेतलं, जुनं आणि नवं शेजारी धरलं, त्याने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मी तोंडही उघडलं नाही. त्या म्हणाल्या, स्वतःहून कमी केलेलं बिल मी पहिल्यांदाच बघतेय. मग वरचा एक खण घट्ट बसतो, तो बघा म्हणाल्या. तो खाली बसून पटाशीने कड तासायला लागला. मी त्याची पिशवी धरून उभी.

मग त्यांनी मला विचारलं, "आणि तुम्ही कोण?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खणाआडून म्हणाला, "त्या... माझा हिशेब बघतात."

यात चूक काय? काहीच नाही. खरंच बघते. तरी बाहेर पडल्यापासून माझं डोकं फिरलं. इतक्या भरभर चालले की तो सायकल ओढत मागे राहिला. हिशेब बघतात म्हणे. पगारावर ठेवल्यासारखं. बसथांब्यावर उभी राहिले तर हा सायकल घेऊन शेजारी. सायकल असलेल्या माणसाचं बसथांब्यावर काय काम? विचारलं तर म्हणाला, तुमची बस येईपर्यंत.

बराच वेळ बस आली नाही. मी कधी या पायावर, कधी त्या पायावर.

"तिथे मला दुसरं काही सुचलं नाही," तो म्हणाला.

"दुसरं काय सांगायचं होतं?"

"ते आधी तुम्हाला विचारावं लागेल. न विचारता कसं सांगणार?"

तो पेनाचं टोपण काढत होता आणि लावत होता. मला परत कर खात्याच्या खिडकीसमोर उभी असल्यासारखं वाटलं. भीती म्हणावी तर भीतीने हसू येत नाही.

मी म्हटलं, "मग विचारा."

तेवढ्यात बस आली. दार उघडलं, वाहकाने आमच्याकडे पाहिलं, चढताय का म्हणून. आम्ही दोघांनीही मान हलवली, नाही म्हणून.